पागोटं, टोप आणि घोड्यावरचं डोकं

जिंतूरच्या डोंगरात पोरं पुन्हा घोडे काढू लागली आहेत. शेतात ट्रॅक्टर आहे, दारात मोटारसायकल आहे, तरी गोठ्याला लागून एखादी घोडी बांधलेली दिसते. कुणी लोह्याजवळच्या मालेगावच्या खंडोबा यात्रेतून आणलेलं शिंगरू वाढवतो. कुणी वरातीसाठी घोडी पाळतो आणि लग्नसराई सरली की फिरवायला काढतो. पहाटे नेमगिरीच्या बाजूला, नाहीतर येलदरीच्या पाण्याकडे जाणाऱ्या गाडवाटांवर दोन-तीन स्वार भेटतात. मला याचा मनापासून आनंद होतो. मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी परभणी जिल्ह्यातल्याच सरकारी दवाखान्यांत गेली. गाई-बैलांवर पोट भरलं, पण जीव घोड्यात.

ही पोरं मला सगळं विचारतात. तंग किती आवळायचा, चंदी किती द्यायची, नाल कधी बदलायचा. डोक्याचं मात्र कुणी विचारत नाही. मीच विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. “डाक्टरसाब, हेल्मेट गाडीवर घालतेत. घोड्यावर कोन घालतंय? महाराजाच्या मावळ्यायनं घातलं व्हतं का?”

प्रश्न इतिहासाचा आहे, तर उत्तरही इतिहासातूनच देतो. घातलं होतं. स्वतः महाराजांनी घातलं होतं.

10 नोव्हेंबर 1659. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं आणि डोक्यावरच्या बांधणीखाली लोखंडी टोप चढवला होता. वाघनखांची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे, टोपाची कुणी सांगत नाही. पण झटापटीत डोक्यावर वार आला तो त्या टोपाने निभावला. धाडस करायला निघालेल्या माणसाने आधी आपलं डोकं झाकलं, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात राहायला हवं. त्यात भित्रेपणा कुणालाही दिसला नाही, ना तेव्हा ना नंतर.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुनी हत्यारं मांडलेली आहेत. दख्खनी टोप कधी जवळून पाहिलात तर त्याची रचना बघा. पोलादाची वाटी, पुढे नाकावर खाली-वर सरकणारी पट्टी, मागे आणि कानांवर साखळ्यांची झालर. हे झालं बाहेरचं. आत कापूस भरून टाचलेलं अस्तर असायचं. नुसतं पोलाद डोक्यावर ठेवलं तर तलवार अडेल, पण हादरा थेट कवटीला बसेल, हे कारागिराला माहीत होतं. बाहेर कडक कवच आणि आत दबणारा थर, ही जोडी तेव्हाच सापडली होती. आजच्या घोडेस्वाराच्या हेल्मेटात याहून वेगळं तत्त्व नाही.

असा टोप सगळ्यांच्या नशिबी नव्हता. महाराजांच्या पागेत 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी रचना होती. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. या साध्या स्वाराच्या डोक्यावर कापडच असे. पण त्या कापडाला आजच्या रेडिमेड फेट्याच्या मापाने मोजू नका. कित्येक हात लांबीचं, पीळ देऊन एकावर एक बसवलेलं पागोटं म्हणजे डोक्याभोवती जाड गादीच. ऊन अडवायचं, थंडी अडवायचं, तलवारीची धार त्याच्या घड्यांत अडकून बोथट व्हायची. वेळ पडली तर तेच सोडून जखम बांधायची आणि दोराला जोडून विहिरीतून पाणीही काढायचं.

तलवारीची धार म्हणजे काय, हे आपल्याच मुलखातल्या स्वारांनी जगाला दाखवलं. निझामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी राहिली, तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. तिच्या छावण्या जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. नकाशावर ही तीन नावं जोडा, परभणीचा बराच मुलूख त्या त्रिकोणात येतो. हिंगोली तर 1 मे 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. लुई नोलान नावाच्या इंग्रज कप्तानाने 1853 मध्ये घोडदळावर पुस्तक लिहिलं. निझामाच्या स्वारांनी एका लढाईत केलेल्या जखमा इतक्या भयंकर होत्या की तो चक्रावला. चौकशी केली तेव्हा कळलं, तलवारी इंग्रजी पलटणींनी टाकून दिलेल्या जुन्याच पात्यांच्या होत्या. फरक एवढाच की आमच्या स्वारांनी त्यांना नव्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार दिली, लाकडी म्यानात ठेवल्या आणि काम पडल्याशिवाय म्यानाबाहेर काढल्या नाहीत. अशा पात्यांच्या मुलखात बोडक्यानं कोण फिरेल? त्या काळी संकट वरून यायचं, माणसाच्या हातातून यायचं. पागोटं त्याच्यासाठी होतं.

त्या फौजेचा वंश अजून चालू आहे. तिच्यातूनच पुढे विसावी डेक्कन हॉर्स तयार झाली, 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन तिने घोडे घातले. आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे, सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना तोंड देणाऱ्यांत ती होती. घोडा गेला, रणगाडा आला, पण आत बसलेल्या जवानाच्या डोक्याला हादरा बसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर आजही गादीचं कवच असतं.

आता छावणीतून गावाकडे येतो. निझामाच्या राजवटीत परभणी जिल्ह्याचा कारभार बराचसा घोड्यावरून चालला. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास आली. तिने सेलू, परभणी, पूर्णा जोडलं. पण रुळापासून दहा कोस आत गेलं की पुन्हा तट्टूच. गिर्दावर घोड्यावर, जमादार घोड्यावर, पाटील घोड्यावर. दुधना, पूर्णा, गोदावरी उतारानं पार करायच्या. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतायचं, तिथं घोडं निघायचं.

आमचे आजोबा गंगाखेडच्या बाजूचे. पोलीस ॲक्शनच्या आधी त्यांच्याकडे एक कुमैत तट्टू होतं. ते मी पाहिलं नाही, पण आजोबांची तयारी आजीने मला इतक्यांदा सांगितली की डोळ्यांसमोर उभी आहे. आधी पागोटं बांधायचं. मग त्यावरून उपरणं घ्यायचं, दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून गाठ मारायची. गाठ अशी की दोन बोटं आत जातील, तिसरं जाणार नाही. मग रिकिबीत पाय. घरात पागोटं असायचंच, पण उपरण्याची ही गाठ फक्त घोड्यावर बसताना. आजी म्हणायची, “डोस्क्यावर्लं पडलं तर डोस्कं पडलं आसं त्यायला वाटायचं.” इज्जत तर होतीच. पण धावत्या घोड्यावर डोक्यावरचं डोक्यावरच राहिलं पाहिजे, ही अक्कलही त्या गाठीत होती.

1948 नंतर गोष्टी भराभर बदलल्या. सडका झाल्या, एसटी आली, सायकल आली, मग मोटारसायकल. तट्टू गेलं. राहिलं ते धनगरांकडे, मेंढरांमागे संसार लादून चालणारं. राहिलं ते वरातीत आणि वारीच्या रिंगणात. आणि राहिलं ते मालेगावच्या यात्रेत. दुसरीकडे डोक्यावरचंही गेलं. पागोटं गेलं, रुमाल गेला, रुमी टोपी, काळी टोपी गेली, गांधी टोपी म्हाताऱ्यांपुरती उरली. माझ्या पिढीनं बोडक्यानं फिरायला सुरुवात केली. म्हणजे आज घोड्याकडे परत आलेला पोरगा अशा घोड्याकडे आला आहे, ज्यावर त्याच्या पणजोबांनी बोडक्यानं कधीच पाय टाकला नव्हता. “परंपरा” म्हणून तो जे सांगतो ती उण्यापुऱ्या पन्नास वर्षांची सवय आहे, आणि त्या पन्नास वर्षांत घोडाच नव्हता.

कुणी म्हणेल, मग फेटा बांधू. फेटा सुंदर दिसतो, मलाही आवडतो. पण तलवार आता कुणी उगारत नाही. आता संकट खालून येतं, जमिनीतून.

जिंतूरच्या डोंगरात वाट म्हणजे काळा दगड. सपाटीला आलात तर उन्हाळ्यात काळ्या रानाला इतक्या रुंद भेगा पडतात की घोड्याचा खूर आत जातो. बाभळीच्या फांद्या पायी माणसाच्या वरून जातात, स्वाराच्या बरोबर कपाळावर येतात. तुरीतून रोही उठतं, रानडुक्कर उठतं. प्लास्टिकचा कागद फडफडला, ट्रॅक्टरचा सायलेन्सर फाटकन वाजला, की भलं शिकवलेलं घोडंही आडवं उडतं. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. तो आधी पळतो, मग बघतो. त्यात त्याचा दोष नाही आणि तुमच्या स्वारीचाही नाही.

असाच एक पोरगा. नाव सांगत नाही. स्वार उत्तम होता, रेवाल चालीवर घोडी नेताना पाणी भरलेला तांब्या हातात दिला तर थेंब सांडला नसता. वाटेत रोही उठलं, घोडी बाजूला उडाली, पोरगा दुसऱ्या बाजूला. त्याच्याबरोबरच्यांनी मला जे सांगितलं, ते मी कधी विसरणार नाही. फेटा आधी सुटला. पोरगा अजून हवेत असताना फेटा डोक्यावरून निघून बाजूच्या घाणेरीच्या झुडपात अडकला होता. डोकं उघडंच दगडावर गेलं. तो वाचला. पण त्या दिवसाआधीचे काही आठवडे त्याला आजही आठवत नाहीत, आणि बोलता बोलता शब्द शोधत थांबतो. घोडीच्या गुडघ्याला खरचटलं होतं, ते मी साफ केलं. आठवड्यात ती बरी झाली.

हिशोब साधा आहे. मध्यम उंचीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून जवळपास अडीच मीटरवर असतं. घोडा जागेवर उभा असताना तिथून डोकं थेट खाली आलं तरी जमिनीला भिडताना त्याचा वेग ताशी 25 किलोमीटर होतो. घोडा पळत असेल तर त्याचा वेग वेगळा. दगडावर हा सगळा वेग क्षणात शून्य होतो. कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. हेल्मेटच्या आतला थर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलसारखा असतो, तो चुरडतो आणि चुरडताना थांबण्याची क्रिया किंचित लांबवतो. तेवढ्या किंचित वेळात माणूस वाचतो. फेट्याचं कापड चुरडत नाही, आणि हनुवटीखाली पट्टा नसल्यामुळे जमिनीपर्यंत सोबतही येत नाही. आजोबांचं उपरणं निदान सोबत तरी आलं असतं.

इंग्रजांनाही हे सुखासुखी पटलेलं नाही. कॅप्टन बेनेट म्हणून एक नामी स्वार होता, 1923 ची ग्रँड नॅशनल ही तिकडची सगळ्यात मोठी अडथळ्यांची शर्यत त्याने जिंकली. पुढे तो एका शर्यतीत पडला, डोक्याला घोड्याची लाथ बसली आणि पुढच्याच जानेवारीत तो गेला. त्यानंतर तिथल्या अडथळ्यांच्या शर्यतींत टोपाची सक्ती झाली. मोटारसायकलच्या हेल्मेटचा आग्रहही असाच एका मृत्यूतून वाढला. 1935 मध्ये अरबस्तानचा लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यवैद्याने तो विषय सोडला नाही. लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्याने अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटचा उपयोग मांडून दाखवला.

आमच्या फेट्याचा प्रश्न त्यांच्याकडे उंच काळ्या हॅटच्या रूपात होता. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळात स्वार ती रेशमी हॅट घालायचे. प्रतिष्ठा होती, पिढ्यांचा रिवाज होता. मार्च 2010 मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात घोड्याचे पाय अडखळल्यामुळे पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कित्येक दिवस ती बेशुद्ध होती. नंतर हेल्मेटच्या प्रचाराला तिनेच स्वतःला वाहून घेतलं. 2021 च्या सुरुवातीपासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने हेल्मेटची सक्ती केली आणि हॅट मागे पडली. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत याच ड्रेसाजमध्ये भारताच्या चमूने सुवर्णपदक जिंकलं. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. चौघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. त्या दिवशीचे फोटो मी आमच्या पोरांना दाखवतो. रुबाब कुठे कमी दिसतो, ते मला दाखवा म्हणतो.

कायद्याकडे बघावं तर तिथे काही नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं 129 वं कलम दुचाकीवाल्याला हेल्मेट घालायला लावतं. घोडा काही मोटार वाहन नाही. मार्च 2021 मध्ये शेजारच्या नांदेडला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने पाठदुखीमुळे घोड्यावर येण्याची आणि आवारात घोडा बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा सगळीकडे बातमी झाली. पाठीला घोडा मानवेल की नाही यावर डॉक्टरांचं मतही मागवलं गेलं. पाठीची चर्चा झाली याचा मला आनंद आहे. डोक्याची झाली असती तर जास्त झाला असता. माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते लोक नवखे होते, असं म्हणून पान उलटतो. पण दगड नवखा आणि जाणता यांत भेद करत नाही.

पोरांचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. ऊन. मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, त्यात हे डोक्यावर घेऊन बसायचं म्हणजे घाम डोळ्यांत. त्यावर माझं म्हणणं असं की त्या उन्हात घोड्यालाही काढू नये. जाणते स्वार पहाटेच निघत आणि ऊन चढायच्या आत झाडाखाली असत. घोड्यावरच्या हेल्मेटला वारा खेळायला भोकं असतात, आत पातळ सुती रुमाल बांधला तर घाम टिपला जातो. जाड फेट्यावरून मात्र हेल्मेट चढवू नये, ते डोक्यावर बसत नाही, हलतं.

मोटारसायकलचं चालेल का, हे विचारणारे आता भेटायला लागले आहेत. विचारतात हेच मला मोठं वाटतं. ते जड असतं, कान झाकतं, आणि घोड्यावर कान उघडे हवेत. मागून काय येतंय ते ऐकू यावं लागतं. घोड्यासाठीचं हेल्मेट हलकं असतं, खुराच्या कडेचा घाव धरून त्याची चाचणी घेतलेली असते. आत युरोपचा ईएन 1384 किंवा अमेरिकेचा एएसटीएम एफ 1163 असा शिक्का बघून घ्यावा. भुवईच्या वर दोन बोटं बसावं, डोकं हलवलं तर कातडीबरोबर हलावं, सुटं हलू नये. पट्टा आजोबांच्या गाठीच्या मापाने, दोन बोटं. आणि एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसत असलं तरी काढून टाकावं, कारण आतला थर एकदाच चुरडतो.

मार्गशीर्षात पालम, लोह्याच्या रस्त्याने घोड्यांचे टेम्पो मालेगावकडे लागतात. खंडोबाचं ठाणं. आमच्या कित्येक घरांच्या देवघरात त्याचा टाक असतो, घोड्यावर देव, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. यात्रेत नुकरे, अबलख, पंचकल्याणी उभे असतात. सौदागर पदराखाली हात घालून बोटांवर भाव ठरवतात, गिऱ्हाईक देवमण बघतं, भोवरे बघतं, दात बघतं. घोड्याच्या अंगावरचा एक भोवरा चुकीच्या जागी असला तर सौदा मोडतो. इतकी पारख करणाऱ्या माणसांना मी आपल्या डोक्याची काळजी शिकवावी असं काही नाही, त्यांना फक्त आठवण हवी आहे.

घोडेबाजाराला लागून साजाची पालं असतात. खोगीर, लगाम, दुमची, रिकिबी, तोबरे, खरारे, गोंड्यांच्या माळा, घुंगरांचे चाळ, कवड्यांचे पट्टे, सगळं मिळतं. हेल्मेट तेवढं मला तिथे कधी दिसलं नाही. एका पालवाल्याशी माझी जुनी ओळख. त्याला म्हटलं, पाच-सहा आणून ठेव. तो म्हणाला, “काका, मांगितल्याबिगर कोन आनतंय? तुमी दहा जनं येऊन मांगा, फुडल्या यात्रेला टांगतो.” जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालम, जिथून जो कुणी यंदा मालेगावला जाईल, त्याने खोगिराचा भाव विचारून झाला की त्याच पालात हेल्मेटही मागावं. नसेल तर नाही म्हणू द्या. पण मागावं.